मासा धरायची माशी

आम्ही लासूर स्टेशनच्या बचत गटांकडून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण माशी बांधायला शिकणार आहोत. ताटावर बसते ती नव्हे. मासे धरायच्या गळावर रेशमाचा धागा आणि कोंबडीचं पीस बांधून केलेली खोटी माशी. मासा तिला खरा किडा समजतो आणि तोंडात घेतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी लावतात, मग ही भानगड कशाला? त्याचं कारण सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे एक गृहस्थ आले. चांगले बोलायला, हातात रंगीत पत्रकं. म्हणाले, परदेशात लोक हौसेनं मासे धरतात, त्यांना अशा हातानं बांधलेल्या माशा लागतात. तुमच्या बायकांचा हात शिवणकामात बसलेला आहे. प्रत्येकीनं ३००० रुपये अनामत भरायची, गळ, रेशीम, पिसं असं सगळं सामान घरपोच मिळेल. बांधून दिलं की एका माशीला ४ रुपये. घरबसल्या काम. उन्हात जायला नको.

तीन गटांच्या बायका ऐकत होत्या. काही जणी तर गटातून कर्ज उचलून अनामत भरायला निघाल्या. त्यांना दोष कसा द्यायचा? कापूस वेचणी संपत आली की पुढं दोन-तीन महिने हाताला काम नसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण आम्ही बैठकीत एवढंच ठरवलं की पैसे नंतर, आधी माशी. हे काम नक्की काय आहे, किती वेळ खातं, ते स्वतः करून बघू आणि मग हिशोबाला बसू.

गटातल्या एका ताईंचा भाचा पुण्याला नोकरीला आहे, त्याला या गळाचा नाद. त्यानं दोन तयार माशा आणि पंधरा-वीस गळ आणून दिले आणि एक रविवार आमच्यात बसला. म्हणून हे आम्ही आता तुम्हाला सांगू शकतो.

आधी हे समजून घ्या की ही माशी चालते कशी. नदीच्या, धरणाच्या पाण्यात कितीतरी किडे वाढतात. अळी तळाशी दगडाखाली राहते. पंख फुटायची वेळ आली की ती पाण्यातून वर यायला लागते. तेव्हा तिला धड पोहता येत नाही, उडता येत नाही. पाय हलवत, धडपडत वर येते. माशाला याहून सोपा घास कुठला? पाण्याच्या वर तरंगणारी माशी बांधतात तिला कोरडी माशी म्हणतात, आणि पाण्याखाली बुडून चालणारी ती ओली माशी. आपण बांधणार ती ओली, मऊ पिसाची. कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं, ते पाण्यावर उभं राहतं, म्हणून कोरड्या माशीला चालतं. कोंबडीचं पीस मऊ. पाण्यात गेलं की भिजतं, मागं झुकतं आणि प्रवाहाबरोबर उघडतं-मिटतं. बघणाऱ्याला वाटतं की किडा पाय हलवतोय. सगळी करामत त्या मऊपणात आहे. चकचकीत, भरगच्च पीस लावलं तर माशी दिसायला छान होते, पण पाण्यात मेल्यासारखी पडून राहते.

ही विद्या फार जुनी आहे. इंग्लंडात १४९६ साली गळानं मासे धरण्यावरचा एक निबंध छापला गेला. त्यात बारा प्रकारच्या माशा कशा बांधायच्या ते दिलं आहे. तो निबंध एका बाईच्या नावावर सांगतात, डेम ज्युलियाना बर्नर्स, मठात राहणारी जोगीण. तिनंच लिहिला का यावर अभ्यासक वाद घालतात. घालोत. पुढं इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या ओढ्या-नद्यांवर मऊ पिसाच्या माशांची रीतच पडली. टी. ई. प्रिट नावाच्या माणसानं १८८५ साली त्यांचं पुस्तक काढलं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध माशी म्हणजे नारिंगी रेशीम आणि वर तित्तराचं पीस. नावसुद्धा तेच, तित्तर आणि नारिंगी. दोनच जिनसा. आपण आज तीच बांधू, फक्त तित्तर सोडून. का सोडायचं ते पुढं सांगतो.

मधेच एका बाईंचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडात ब्रोरा नावाच्या गावाजवळ मेगन बॉइड राहायच्या. जन्म १९१५ चा. लहानपणी एका शिकार-राखणदारानं त्यांना माशा बांधायला शिकवलं आणि त्यांनी जन्मभर तेच काम केलं. त्यांच्या माशा मोठ्या, सामन माशासाठीच्या, फार नक्षीच्या. घराशेजारच्या छोट्या खोपटात खिडकीच्या उजेडाला बसून बांधायच्या. घरात कितीतरी वर्षं वीज नव्हती. इंग्लंडचा राजपुत्र त्यांच्याकडून माशा घ्यायचा. १९७१ साली त्यांना सरकारी पदक जाहीर झालं, तर या म्हणाल्या, मला यायला जमणार नाही, माझ्या कुत्र्याकडे कोण बघणार? आणि गंमत म्हणजे या बाईंनी स्वतः कधी मासा धरला नाही. जीव घ्यायला त्यांचं मन होत नव्हतं. आमच्या गटात माळकरी बाया आहेत, त्यांनी हे ऐकलं आणि लगेच सुईत दोरा ओवला.

आता सामान. गळ १२ किंवा १४ नंबरचा. शिलाई मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, गळाचं उलटं आहे, नंबर वाढला की गळ लहान. धागा नारिंगी रेशमाचा, जितका बारीक तितका बरा. गोंड्याचं जाड रेशीम असेल तर त्याचा पीळ उलगडून एकच पदर घ्या. मेणाचा लहान खडा. एक बारीक टोकाची कात्री. गळ धरायला शिकंजा लागतो. भाच्याकडं विकतचा होता. आम्ही सोनाराकडे असतो तसला छोटा हातशिकंजा पाटाच्या कडेला बांधून काम भागवलं. जुने लोक तर नुसत्या बोटांत धरून बांधायचे. आणि पीस.

पीस आपल्या गावरान कोंबडीचं. त्यातही चितकबरी, भुरकट तपकिरी ठिपक्यांची कोंबडी असेल तर सोन्याहून पिवळं. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथलं, नाहीतर पंखाच्या आतल्या बाजूचं लहान पीस घ्यायचं. लांबी बघायची खूण अशी: पिसाचे केस दांडीपासून फाकवले तर ते गळाच्या वाकापर्यंत पोचावेत, त्याच्या पलीकडं लोंबू नयेत. लांब पीस मासा ओढून बघतो आणि सोडून देतो, गळ तोंडात जातच नाही.

बांधायला बसू. धागा हातभर तोडा आणि मेणावरून दोनदा ओढा, म्हणजे तो घसरत नाही. गळ शिकंज्यात धरा, नेढं उजवीकडे येऊ द्या. गळाला भोक असतं त्याला आपण सुईसारखं नेढंच म्हणू. नेढ्याच्या जरा मागं धागा लावा आणि स्वतःवरच चार वेढे घ्या, म्हणजे पहिल्या टोकाला गाठ मारायची गरज पडत नाही, दाबानं ते धरून राहतं. उरलेलं टोक कापा.

आता पीस. बुडखाचा कापसासारखा भाग ओढून टाका, तो नको. शेंड्याचे थोडे केस बोटात धरा आणि बाकीचे उलट्या बाजूला हळूच चोळा, म्हणजे ते दांडीला काटकोनात उभे राहतात. हा शेंडा नेढ्याच्या मागं ठेवून धाग्याच्या तीन वेढ्यांनी पक्का करा. पीस नेढ्याच्या पुढं लोंबत राहू द्या. त्याला आत्ता हात लावायचा नाही. हीच जुनी रीत. पीस आधी बांधायचं आणि अंग नंतर करायचं, म्हणजे तोच धागा फिरून परत येतो आणि गाठी कमी लागतात.

मग धागा मागं न्या, वेढ्याला वेढा चिकटून. कुठवर? गळाचं टोक आणि उलटा काटा यांच्या मधोमध वर जिथं येतं तिथवर. तिथून तसाच परत पुढं आणा. हेच माशीचं अंग. दुसरं काही भरायचं नाही. नवशिक्या बायका इथं चुकतात, त्यांना वाटतं अंग गुबगुबीत पाहिजे. किडा काडीसारखा बारीक असतो. पाण्यात भिजल्यावर हे नारिंगी रेशीम गडद होतं, तांबूस तपकिरी दिसतं, म्हणून कोरडं असताना भडक वाटलं तरी घाबरू नका. कुणाला हौस असेल तर अंगावर जरीची एक बारीक तार विरळ गुंडाळा. येवल्याच्या विणकरांकडं जरीचे तुकडे पडलेले असतात. त्यानं अंगाला किड्यासारखे वळे दिसतात. पण न लावता काही अडत नाही.

आता पिसाची दांडी चिमटीत धरा आणि गळाभोवती फिरवा. फक्त दीड ते दोन वेढे. प्रत्येक वेढ्याला केस मागं सारत जा. मग धागा त्याच केसांमधून एक-दोनदा हलवत पुढं आणा, म्हणजे दांडी दबते आणि पीस टिकतं. उरलेली दांडी कापा. नेढ्याशी बारीक डोकं करा आणि गाठ घाला. ही गाठ पटवेकरी गोंड्याच्या मानेला घालतात तशीच आहे. धाग्याचा फास करून तो स्वतःच्या टोकावरून चार वेळा गुंडाळायचा आणि टोक ओढून आत घ्यायचं. ज्यांनी पटवेकऱ्याला अंगठ्यात दोरा अडकवून काम करताना पाहिलंय त्यांना सांगायला नको. वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक थेंब. नेढं बुजलं तर सुईनं मोकळं करा, नाहीतर दोरा जाणार कुठून?

पहिल्या दिवशी आमच्यात एका माशीला पंचवीस मिनिटं लागली. महिनाभरानं चांगल्या हाताची बाई सात मिनिटांवर आली. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्या जणींना चष्मा लागला. संध्याकाळी वीज गेली की काम बंद. हेही हिशोबात धरावं लागतं.

आता तित्तराचं. आम्ही शिकतोय म्हटल्यावर पोरांनी रानातून पिसं आणायला सुरुवात केली. तित्तराची, मोराची. आम्ही सगळी परत पाठवली. तित्तर हा वन्यजीव आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला मारणं, धरणं गुन्हा आहे. आपण एका पिसाला पैसे दिले की उद्या पोरगा फासे लावायला लागतो. मोराचं आपोआप गळलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही, पण ते परदेशी पाठवता येत नाही. आपल्या सह्याद्रीत राखाडी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांसाठी परदेशातले माशी बांधणारे एकेकाळी वेडे होते आणि आपल्याकडून त्या पिसांचा मोठा व्यापार चालायचा. शेवटी सरकारनं निर्यात बंद केली. म्हणून कुणी सांगितलं की रानातलं पीस आणा, जास्त भाव देतो, तर त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका.

गावरान कोंबडीच्या पिसाला कायद्याची आडकाठी नाही. पण ती निरोगी कोंबडीची हवीत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता तेव्हाचे दिवस आठवत असतील. कोंबड्या मरायला लागल्या तर पिसांना हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. चांगली पिसं साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याबरोबर डब्यात भरा, नाहीतर कसर लागते. आणि पिसाचं काम परदेशी पाठवायचं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी पशुवैद्यकीय प्रमाणपत्र मागतात. त्या गृहस्थांच्या पत्रकात याचा एक शब्दही नव्हता.

आता हिशोब. तो आम्ही फळ्यावर मांडला, तुम्ही मनात मांडा. घरचं, शेताचं आवरून बाईला दिवसाचे तीन तास मिळाले असं धरू. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. एका माशीला सात मिनिटं, म्हणजे दिवसाच्या पंचवीस माशा. चार रुपयांनी शंभर रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण करारात लिहिलं होतं की माल गुणवत्तेनुसार स्वीकारला जाईल. गुणवत्ता ठरवणार ते. पंचवीसातल्या आठ नापास झाल्या तर सतरा उरल्या, म्हणजे अडुसष्ट रुपये. ३००० ची अनामत नुसती भरून निघायला ४५ दिवस. तेवढ्यात सामान संपलं तर नव्या सामानाची अनामत वेगळी. आणि ते माल घेतीलच, असं करारात कुठंही नाही. फक्त घेऊ शकतात असं आहे.

हे काम खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. केनियात हजारो माशा रोज हातानं बांधल्या जातात आणि त्या युरोप-अमेरिकेत जातात. बांधणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. अमेरिकेत ऑर्व्हिस नावाच्या पेढीत मेरी ऑर्व्हिस मारबरी या बाई माशा बांधणाऱ्या बायकांचा विभाग चालवायच्या, १८९२ साली त्यांनी या माशांवर जाडजूड पुस्तक काढलं. कॅरी स्टीव्हन्स नावाची टोप्या शिवणारी बाई होती, तिनं १९२४ साली स्वतःच्या डोक्यानं एक माशी बांधली आणि त्यावर पावणेसात पौंडांहून मोठा मासा धरला. मग तिचा धंदाच उभा राहिला. पण या सगळ्यांकडं एक गोष्ट होती. गिऱ्हाईक कोण ते त्यांना माहीत होतं. अनामत घेणाऱ्याचं गिऱ्हाईक मात्र आपणच असतो.

ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा गटाच्या अध्यक्ष ताईंनी त्यांना चार गोष्टी विचारल्या. माल घेणाऱ्या कंपनीचं नाव आणि पत्ता काय? अनामत न घेता आधी शंभर माशांचं सामान द्याल का? नापास माल परत कराल का, आणि का नापास ते लिहून द्याल का? पैसे माणसाच्या हातात न देता गटाच्या बँक खात्यात भराल का? त्यांनी सांगितलं, साहेबांना विचारून कळवतो. फोन लागत होता तोवर आम्ही केला, पुढं तो लागायचा बंद झाला. आमच्या गटातून एक रुपयाही गेला नाही. शेजारच्या तालुक्यात काही बायकांनी भरले होते. त्यांच्याकडं आता सामानाची पाकिटं आहेत आणि पावती नाही. ज्यांच्याकडं करार, पत्रक, फोनवरचे निरोप असं काहीही असेल त्यांनी ते फाडू नये, पुसू नये. चार जणींनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. फोन पे नं पैसे दिले असतील तर १९३० या क्रमांकावरही तक्रार घेतात.

आमच्या माशांचं काय झालं, असं बऱ्याच जणी विचारतात. भोई आळीतल्या एका भावानं तीन माशा नेल्या आणि शिवनेच्या डोहावर सकाळी लावून बघितल्या. दोन चिलापी आल्या, तळहाताएवढ्या. तो म्हणाला, गांडूळ फुकट मिळतं ताई, ही कोण विकत घेणार? बरोबर आहे त्याचं. इथं जाळ्यावर पोट आहे, नाथसागरात रोहू-कटला जाळ्यानं निघतो, माशीनं नाही. गिऱ्हाईक असलंच तर ते हौशी लोकांत आहे. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची संघटना आहे, पुण्याकडचे लोक धरणांवर जातात. तिकडच्या नद्यांतला खुद्री महासीर नावाचा मासा शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सांगितला तो साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ साली, पुण्याजवळच्या नदीतला बघून. पुढं तो कमी व्हायला लागला तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या तलावावर त्याची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली. हौशी लोक तो धरून बघतात आणि परत पाण्यात सोडतात, त्यांना गळाचा उलटा काटा दाबलेला लागतो. पकडीनं दाबता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम.

भाच्यानं त्याच्या ओळखीच्या लोकांना नमुने दाखवले. दोन डझनांची मागणी आली, एका माशीला २५ रुपये. गळाचा आणि टपालाचा खर्च जाऊन बांधणाऱ्या दोघींना जे मिळालं ते त्यांच्या खात्यात गेलं, गटाच्या वहीत लिहिलं आहे. दोन डझन म्हणजे धंदा नव्हे. पुढची मागणी आली तर बांधू, नाही आली तर नाही. त्यासाठी कुणी कर्ज काढणार नाही, हा ठराव झालेला आहे.

ज्यांना बांधून बघायची आहे त्यांनी येत्या बैठकीला पिसं धुवून आणावीत आणि सोबत चष्मा आणावा. गळ आम्ही देऊ. काम झालं की गळ मोजून डबीत ठेवायचे, पाटाखाली एक जरी राहिला तरी रांगत्या लेकराच्या हातात जातो. आणि कुणाच्या दारात अनामत मागणारं कुणी आलं तर त्याचं पत्रक घेऊन या, बैठकीत सगळ्या मिळून वाचू.